पुसलेली पत्रे, उरलेल्या टेप

सरकारी नोकरीत आम्ही ३४ वर्षे काढली. त्यांतील बरीच वर्षे ज्या कामात गेली, ते काम म्हणजे कोणता कागद ठेवावा आणि कोणता नष्ट करावा हे ठरविणे. प्रत्येक कार्यालयात अभिलेखांची एक खोली असते आणि त्या खोलीतील कागदांचे वर्ग पाडलेले असतात. काही कागद कायमचे, काही दीर्घ मुदतीचे, काही पाच-दहा वर्षांचे आणि काही वर्षाच्या आत रद्दीत जावयाचे. महाराष्ट्रातील शासकीय मराठीत या छाटणीस ‘निंदणी’ म्हणतात. आमची नोकरी गुजरातेत झाली, त्यामुळे आमच्या फायलींवर हा शब्द कधी आला नाही. पण बडोद्यात घरी मराठी बोलत वाढलेल्या आम्हांस तो फार नेमका वाटत आला आहे. शेतकरी तण उपटतो तेव्हा पीक कोणते आणि तण कोणते हे त्याला डोळ्यांनी दिसत असते. कागदांची निंदणी करणाऱ्यास ते दिसत नाही. कारण कागदाचा उपयोग पुढे कधी तरी, कोणाला तरी पडावयाचा असतो.

एकदा एक वृद्ध गृहस्थ आमच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सरकारी बांधकामावर त्यांनी रोजंदारीवर काम केले होते, आणि ती वर्षे सेवेत धरली जावीत म्हणून त्यांना त्या काळच्या मस्टरचा, म्हणजे हजेरीपटाचा, उतारा हवा होता. आम्ही नोंदवही काढून पाहिली. मस्टर नष्ट झालेले होते. नष्ट करावयाच्या कागदांच्या यादीखाली आमचीच सही होती. मुदत संपलेली होती, नियम पाळलेला होता, यादीवर वरिष्ठांची मंजुरीही होती. त्या गृहस्थांनी कोणाला दोष दिला नाही. ‘साहेब, मी तर रोज अंगठा लावत होतो’ एवढेच म्हणाले आणि निघून गेले. त्यांची ती वर्षे अखेर धरली गेली नाहीत.

ही आठवण वर येण्याचे कारण असे की, आमच्या मंडळाच्या एका बैठकीत चहाच्या वेळी एक निराळाच वाद निघाला. ई-मेल लिहिणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने जो संदेश पुसून टाकला, तो टपाल वाहणाऱ्या सर्व्हरने आपल्यापाशी जपून ठेवावा की नाही? इतिहासाची आवड असलेल्या सभासदांनी एकमुखाने ‘ठेवावा’ असे सांगितले. एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी मात्र ठामपणे विरोध केला. मी माझ्या हाताने जाळलेले पत्र दुसऱ्या कोणी राखेतून उभे करावे हे मला मान्य नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. कारण दोन्ही बाजू आम्हांस पटत होत्या. मग या प्रश्नाचा इतिहास शोधावा असे मनात आले. तो शोधता शोधता आम्ही १९८६ सालच्या वॉशिंग्टनमध्ये जाऊन पोहोचलो.

तेथे जाण्यापूर्वी ‘पुसणे’ म्हणजे काय हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कागदी पत्राची प्रत बहुधा एकच असते. ती फाडली की पत्र संपले. ई-पत्राचे तसे नाही. त्याची एक प्रत पाठविणाऱ्याच्या पेटीत असते, दुसरी घेणाऱ्याच्या पेटीत असते, वाटेतील सर्व्हरवर ते काही काळ राहू शकते, आणि यंत्र बिघडल्यास सारे बुडू नये म्हणून संगणकखात्याचे लोक वेळोवेळी सर्व साठ्याची राखीव नक्कल काढून ठेवतात, ती आणखी निराळी. शिवाय यंत्रावर पुसण्याची कळ दाबल्याने मजकूर लगेच नाहीसा होतोच असेही नाही. पुष्कळदा केवळ सूचीतील नोंद जाते आणि ती जागा मोकळी समजली जाते. तिच्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच पडून असतो. ग्रंथालयातून पुस्तकाचे कार्ड काढून टाकावे आणि पुस्तक कपाटातच राहावे, तसा हा प्रकार आहे.

आता १९८६ कडे वळू. अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने इराणला गुप्तपणे क्षेपणास्त्रे विकली. लेबाननमध्ये ओलीस धरलेले अमेरिकन नागरिक त्यामुळे सुटतील अशी आशा होती. त्या विक्रीतून आलेल्या पैशाचा काही भाग निकाराग्वातील सरकारविरोधी काँट्रा बंडखोरांकडे वळविण्यात आला. या बंडखोरांना लष्करी मदत करण्यास अमेरिकन काँग्रेसने बंदी घातलेली होती. नोव्हेंबर १९८६ च्या आरंभी एका लेबनीज नियतकालिकाने शस्त्रविक्रीची बातमी फोडली आणि तीन आठवड्यांत, २५ नोव्हेंबरला, ॲटर्नी जनरल एडविन मीस यांना पैसे वळविल्याची गोष्ट जाहीरपणे सांगावी लागली. त्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार ॲडमिरल जॉन पॉइंडेक्स्टर पायउतार झाले आणि त्यांच्या हाताखालील लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ यांना राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतून काढण्यात आले.

या घोषणेच्या आधीचे दिवस अभिलेखांच्या दृष्टीने फार बोलके आहेत. २१ नोव्हेंबरला नॉर्थ आणि त्यांच्या सचिव फॉन हॉल यांनी कागद कापणाऱ्या यंत्रात इतके कागद घातले की ते यंत्र अडकले. पॉइंडेक्स्टर यांनी अध्यक्षांच्या सहीचा, डिसेंबर १९८५ मधील एक महत्त्वाचा आदेश स्वतःच्या हाताने फाडला, आणि पुढे काँग्रेसच्या समितीपुढे तसे कबूलही केले. तो सहीचा कागद पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

परंतु परिषदेत पत्रव्यवहाराचे आणखी एक साधन रुळले होते. आयबीएम कंपनीची ‘प्रॉफ्स’ नावाची कार्यालयीन प्रणाली होती. तीवरून अधिकारी एकमेकांना संगणकावर टिपणे पाठवीत. ही टिपणे घाईत लिहिलेली आणि मोकळी असत. फाईलवर जे कधीच आले नसते ते तेथे सहज येई. कागद फाडण्याच्या त्याच आठवड्यात पॉइंडेक्स्टर यांनी पाच हजारांहून अधिक आणि नॉर्थ यांनी सातशेहून अधिक टिपणे पुसून टाकली. कळ दाबली म्हणजे टिपण कायमचे गेले अशी आमची प्रामाणिक समजूत होती आणि ती साफ चुकीची ठरली, अशा आशयाचे उद्गार नॉर्थ यांनी १९८७ च्या उन्हाळ्यात काँग्रेसच्या समितीपुढे काढले.

समजूत चुकीची ठरली ती टेपमुळे. व्हाइट हाउसची संगणकव्यवस्था पाहणारे कर्मचारी ठराविक दिवशी सर्व साठ्याची नक्कल चुंबकीय टेपवर उतरवीत. पुढे त्याच टेपवर नव्याने लिहिले जाई आणि जुने नाहीसे होई. पण प्रकरण पेटल्यावर नोव्हेंबरच्या टेप बाजूला काढून ठेवल्या गेल्या, आणि पुसण्यापूर्वीची टिपणे त्यांत जशीच्या तशी मिळाली. जॉन टॉवर, एडमंड मस्की आणि ब्रेंट स्कोक्रॉफ्ट या तिघांच्या चौकशी आयोगाने २६ फेब्रुवारी १९८७ रोजी जो अहवाल दिला, त्यात या टिपणांचे उतारे पानोपानी आहेत. फाडलेला आदेश गेला तो गेलाच. पुसलेली पत्रे मात्र साक्षीला उभी राहिली. पुढे दोघांवर खटले चालले आणि १९८९ व १९९० मध्ये ते दोषीही ठरले. परंतु काँग्रेसपुढे त्यांनी अभय घेऊन दिलेल्या साक्षींचा परिणाम खटल्यांवर झाला असावा, या कारणाने अपिलात ते निकाल टिकले नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या टेप इतिहासासाठी काढलेल्या नव्हत्या, न्यायासाठीही नव्हत्या. यंत्र बंद पडल्यास काम अडू नये एवढाच त्यांचा हेतू. एका मोठ्या लोकशाहीचे एक महत्त्वाचे प्रकरण उघडकीस येण्यात एका यांत्रिक खबरदारीचा एवढा वाटा असावा, याचा आनंद वाटतो तशी काळजीही वाटते. आठवडा उलटून त्याच टेपवर पुन्हा लिहिले गेले असते तर?

हा ‘तर’ लवकरच समोर आला. रेगन यांची कारकीर्द २० जानेवारी १९८९ रोजी संपावयाची होती. जाता जाता संगणकातील साठा पुसला जाणार असे समजल्यावर पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि ‘नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह’ ही वॉशिंग्टनमधील बिनसरकारी संशोधन संस्था आदल्या दिवशी, १९ जानेवारीला, न्यायालयात गेली. त्या सायंकाळी न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. कारकीर्द संपण्यास एका दिवसाहून कमी अवधी राहिला असताना टेप वाचल्या.

या दाव्यात सरकारची बाजू अशी होती की, ही टिपणे म्हणजे टेलिफोनवरील निरोपाच्या चिठ्ठ्यांसारखी आहेत. त्यांतील जे महत्त्वाचे असेल ते अधिकारी कागदावर छापून फाईलला लावतात. मग यंत्रातील मूळ ठेवण्याचे कारण काय? वरवर पाहता हे म्हणणे कोणाही कारकुनास पटेल. पण ६ जानेवारी १९९३ रोजी न्यायाधीश चार्ल्स रिची यांनी आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला अपील न्यायालयाने ते नाकारले. छापील प्रतीवर मजकूर येतो. परंतु ते कोणाकोणाला गेले, केव्हा गेले, घेणाऱ्याने केव्हा घेतले ही माहिती पुष्कळदा त्यावर येत नाही. म्हणून छापील प्रत ही मूळ दस्तऐवजाची बरोबरी करू शकत नाही, असा त्या निर्णयांचा आशय आहे.

आयुष्य फायलींत घालविलेल्या माणसाला या निर्णयाचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. सरकारी टिपणीत काय लिहिले आहे यापेक्षा तिच्या समासातील आद्याक्षरे आणि त्यांखालील तारीख अधिक बोलतात. ‘पाहिले’ एवढा शेरा आणि त्याखाली तारीख असली की, ‘मला हे ठाऊक नव्हते’ असे त्या अधिकाऱ्यास पुन्हा कधी म्हणता येत नाही. आवक-जावक नोंदवही फाटली तर हजार पत्रे शिल्लक राहूनही त्यांचा उपयोग निम्मा होतो. कोणाला काय केव्हा माहीत होते, हाच तर अशा प्रकरणांतील कळीचा प्रश्न, आणि अमेरिकन न्यायालयांनी ती आद्याक्षरे यंत्रातून फुकट जाऊ दिली नाहीत.

दावा जिंकल्याने गोष्ट संपली असे नाही. अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या रात्री, १९ जानेवारी १९९३ रोजी, राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रमुख डॉन विल्सन यांनी एक करार केला आणि त्या कारकिर्दीच्या टेपवरील ताबा मावळत्या अध्यक्षांच्या हाती दिला. अभिलेखांचा राखणदारच किल्ल्या सुपूर्त करून मोकळा झाला. हा करार १९९५ मध्ये न्यायाधीश रिची यांनी रद्दबातल ठरविला. पुढे क्लिंटन यांचे सरकार आले, पक्ष बदलला, पण न्यायालयातील सरकारी बाजू फारशी बदलली नाही. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने असे ठरविले की, राष्ट्रीय सुरक्षा परिषद ही कायद्याच्या अर्थाने सरकारी यंत्रणा नसून अध्यक्षांचे सल्लागार मंडळ आहे, म्हणून तिचे कागद अध्यक्षीय अभिलेखांच्या निराळ्या, १९७८ च्या कायद्याखाली येतील. पुढे धाकट्या बुश यांच्या काळातील लक्षावधी ई-पत्रे सापडत नाहीत म्हणून पुन्हा दावे झाले, आणि डिसेंबर २००९ मध्ये ते मिटले तेव्हा सुमारे २ कोटी २० लाख संदेश परत हाती लागल्याचे जाहीर झाले. सत्तेवर कोणीही असो, स्वतःचे पत्र स्वतः पुसण्याची मोकळीक आपल्याला हवी असे सत्तेला वाटतेच, हा या इतिहासाचा पहिला धडा आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळेच ठेवावे, वाद संपला. आमच्यातील इतिहासप्रेमी माणूसही हेच म्हणतो. परंतु त्याच १९८६ सालात एक दुसरी गोष्ट घडली होती आणि ती विसरून चालणार नाही.

२१ ऑक्टोबर १९८६ रोजी, म्हणजे कागद फाडण्याच्या प्रसंगाच्या बरोबर एक महिना आधी, रेगन यांनी इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या गोपनीयतेसंबंधीच्या एका कायद्यावर सही केली. त्यात १८० दिवसांची एक मर्यादा होती. सर्व्हरवर १८० दिवसांपर्यंत राहिलेले पत्र वाचावयाचे तर पोलिसांना न्यायालयाचे वॉरंट लागे. त्याहून जुने पत्र मात्र त्यापेक्षा सैल अटींवर मिळू शके. यामागची समजूत त्या काळाला धरून होती. तेव्हा साठवणीची जागा महाग होती. लोक पत्र आपल्या यंत्रावर उतरवून घेत आणि सर्व्हरवरील प्रत नाहीशी होई. सहा महिने पडून राहिलेले पत्र म्हणजे मालकाने टाकून दिलेली वस्तू, असे गृहीत धरले गेले. पुढे २००४ मध्ये जीमेल आली, एक गिगाबाइट जागा फुकट मिळू लागली आणि लोक सारा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे सर्व्हरवरच ठेवू लागले. व्यवहार पार उलटला, कायद्यातील १८० दिवस तसेच राहिले.

याचा परिणाम काय होतो हे ओहायो राज्यातील स्टीव्हन वॉरशॅक या व्यावसायिकाच्या खटल्यात दिसले. ग्राहकांच्या फसवणुकीचे आरोप त्याच्यावर होते. तपास करणाऱ्यांनी २००४ मध्ये त्याची टपालसेवा चालविणाऱ्या कंपनीस सांगितले की, या माणसाच्या येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांच्या प्रती यापुढे राखून ठेवा, आणि त्याला कळू देऊ नका. एरवी त्या कंपनीच्या सर्व्हरवर ही पत्रे राहिली नसती. अशी सुमारे २७ हजार पत्रे वॉरंटावाचून सरकारच्या हाती गेली. डिसेंबर २०१० मध्ये तेथील अपील न्यायालयाने ठरविले की ई-पत्रास कागदी पत्राइतकेच संरक्षण आहे आणि वॉरंटाशिवाय ते घेणे घटनेच्या विरुद्ध आहे. तपासनीस त्या वेळच्या कायद्यावर विश्वासून वागले होते, म्हणून पुरावा मात्र बाद झाला नाही. वॉरशॅक हा काही सत्पुरुष नव्हता. परंतु हक्कांचे खटले पुष्कळदा अशाच माणसांच्या नावाने उभे राहतात, आणि त्यांचा लाभ सज्जनांस होतो.

युरोपने हाच अनुभव आणखी मोठ्या प्रमाणावर घेतला. २००६ मध्ये युरोपीय संघाने असा निर्देश काढला की, कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला याची नोंद, मजकूर नव्हे, केवळ नोंद, दूरसंचार कंपन्यांनी सहा महिने ते दोन वर्षे ठेवावी. ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने हा निर्देश रद्द केला. कोणावर संशय असो वा नसो, सरसकट सगळ्यांच्या नोंदी ठेवणे हे खासगी आयुष्यावरील अतिक्रमण आहे, असे त्याचे कारण. पाहा, ज्या आद्याक्षरांचे आणि तारखांचे मोल अमेरिकन न्यायालयांनी अधिकाऱ्यांच्या बाबतीत ओळखले, त्यांचेच मोल युरोपीय न्यायालयाने सामान्य नागरिकाच्या बाबतीत ओळखले. आणि म्हणूनच एकाने ती ठेवा म्हटले, दुसऱ्याने ठेवू नका म्हटले. यात विसंगती नाही. पत्र कोणाचे आहे, हा प्रश्न दोघांनीही आधी विचारला एवढेच.

आमच्या एका शाळासोबत्याने अखेरच्या आजारात आमच्या हाती पत्रांचा एक जुडगा दिला होता. ती कोणाची हे त्याने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. ‘वाचू नकोस, जाळ’ एवढेच तो म्हणाला. घरामागच्या अंगणात ती पत्रे आम्ही जाळली आणि राख तुळशीपासून दूर टाकली. त्या कृत्याचा आम्हांस आजवर क्षणभरही पश्चात्ताप झालेला नाही. मस्टरच्या यादीवरील सहीचा मात्र होतो. दोन्ही वेळी आम्ही कागदच नष्ट केले. एका वेळी ज्याचा कागद त्याची इच्छा आम्ही पाळली. दुसऱ्या वेळी ज्याचा कागद त्याला विचारलेच नाही. तो सरकारचा समजलो. आज तो सोबती असता आणि त्याची पत्रे सर्व्हरवर असती, तर आम्हांस त्याचा शब्द पाळता आला असता की नाही, याची खात्री देता येत नाही.

इतिहासाचे काय, असा प्रश्न येथे रास्तच आहे. बडोद्यात राहणाऱ्यास तर तो टाळता येत नाही. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे सयाजीराव महाराजांच्या सेवेत याच गावात काढली, आणि निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत प्रसिद्ध केले. ते दप्तर इंग्रजांच्या हाती गेले पेशवाई बुडाल्यावर, १८१८ नंतर. आणि अभ्यासकांना ते मोकळेपणाने पाहता यावे यासाठी शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. या विलंबाचा आमच्या इतिहासकारांनी योग्य तो रागही धरला. परंतु त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ठेवणे वेगळे आणि उघडणे वेगळे. राज्यकारभाराचा कागद आजच सर्वांपुढे ठेवता येत नसेल तर तो मोहोरबंद करून ठेवता येतो. पण आज जो नष्ट झाला तो कोणत्याही रियासतकाराला पुन्हा मिळत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ पासून या गोंधळातून एक वाट काढली आहे. तेथे प्रत्येक ई-पत्र वाचून त्याचा वर्ग ठरविण्याचा आग्रह सोडून देण्याची मुभा दिली गेली आणि माणसाच्या पदावरून मुदत ठरू लागली. वरिष्ठ पदांवरील अधिकाऱ्यांची टपालपेटी कायमची ठेवावयाची. इतरांची बहुधा सात वर्षे आणि साहाय्यक कर्मचाऱ्यांची तीन वर्षे. २०१४ च्या दुरुस्तीने आणखी एक दार बंद केले. अधिकाऱ्याने सरकारी कामाचे पत्र खासगी खात्यावरून पाठविले, तर त्याची प्रत २० दिवसांच्या आत सरकारी खात्यावर पोहोचली पाहिजे. या व्यवस्थेचा मोठा गुण असा की, ज्याच्या वर्तनाची साक्ष ते पत्र देणार, त्याच्या हाती पुसण्याची कळ राहात नाही. तरीही आमच्या मनात एक शंका उरते. पद पाहून मुदत ठरविणारी पद्धत सचिवांचे पत्र ठेवील. हजेरी घेणाऱ्या मुकादमाचे ठेवणार नाही. आणि अंगठा लावणाऱ्या त्या वृद्ध गृहस्थांना सचिवांच्या पत्राचा काही उपयोग नव्हता. इतिहासाला मोठ्यांचे कागद लागतात, न्यायाला मात्र पुष्कळदा लहानांचेच लागतात.

आपल्या देशात १९९३ साली, म्हणजे वॉशिंग्टनच्या त्या निर्णयांच्याच वर्षी, सार्वजनिक अभिलेखांचा केंद्रीय कायदा संमत झाला. संगणकातून निघालेली सामग्रीही अभिलेखच, असे त्याच्या व्याख्येत म्हटले आहे, आणि नियमबाह्य नाश करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, कोणी मागितलेली माहिती नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड आहे. उलट बाजूने, २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपल्यावर ती पुसली जावी असा नागरिकाचा हक्क मान्य झाला आहे. म्हणजे दोन्ही तत्त्वे आपल्या कायद्यांत आली आहेत. त्यांतील सीमारेषा रोजच्या व्यवहारात कोण आखतो, एवढेच पाहावयाचे राहिले.

आमचे मत विचाराल तर ते असे. सरकारी, सार्वजनिक संस्थेच्या किंवा पदाच्या कामाचे पत्र पदाचे असते, व्यक्तीचे नसते. ते लिहिणाऱ्याने पुसले तरी सर्व्हरने आधी लिहून ठेवलेल्या मुदतीपर्यंत ते राखलेच पाहिजे, आणि त्यासोबत कोणाला केव्हा गेले ही नोंदही राखली पाहिजे. ही मुदत ठरविताना केवळ पद पाहू नये; ज्या कागदावर दुसऱ्या कोणाची भाकरी अवलंबून आहे त्याची मुदत त्या माणसाच्या हयातीइतकी तरी असावी. खासगी माणसाचे खासगी पत्र मात्र त्याने पुसल्यावर, चुकून पुसले असल्यास परत मिळावे एवढे थोडे दिवस ठेवून, राखीव नकलांतूनही जावे. आणि ते किती दिवस राहील हे टपालसेवकाने आधी स्पष्ट सांगावे. गुन्ह्याच्या तपासासाठी ते थांबवावयाचे असेल तर न्यायालयाच्या हुकुमाने आणि त्या एकाच माणसापुरते थांबवावे.

या मुदतींना नियम म्हणून कोणी वाखाणणार नाही, हे आम्ही जाणतो. १९८६ साली टेप योगायोगाने उरल्या. योगायोग सत्तेला पकडण्यासाठी कामी आला म्हणून तो चांगला वाटतो. उद्या तोच योगायोग एखाद्या घरातील दुःख चव्हाट्यावर मांडील. म्हणून जे ठेवावयाचे ते नियमाने ठेवावे आणि जे पुसावयाचे तेही नियमानेच, पण खरेखुरे पुसावे.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे मंडळींपुढे मांडले. प्राध्यापिकाबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, ‘तुमच्या त्या गृहस्थांचे पुढे काय झाले?’ आम्हांस ते ठाऊक नव्हते. त्यांचा पत्ता त्यांनी दिलेल्या अर्जावर होता. आणि तो अर्ज, निकाली निघाल्यावर, वर्षभराच्या आत नष्ट करावयाच्या वर्गातला होता.